धागा: तीन जुन्या मॉडेल डब्यांची रूळ-तपासणी गाडी (नागपूर, मे महिना)

अजनीकर · १० मे, रात्री ११.१५

नमस्कार मंडळी. माडीवरच्या खोलीतला माझा एचओ (खऱ्याच्या ८७ व्या मापाचा) मॉडेल रेल्वे लेआउट तुमच्यातल्या काहींनी पाहिला आहे. आठ बाय चार फुटांचा प्लाय, ५०० मिमी त्रिज्येच्या वळणांची बाहेरची लूप, साधारण ५.७ मीटर लांबीची. तिला आडवी छेदून जाणारी एक लाइन आहे. डायमंड क्रॉसिंगशिवाय नागपूर कसलं, म्हणून तीही मांडली.

एप्रिलच्या मध्यापासून लांब डबे घसरतात. दहा फेऱ्यांत एकदा, तेही बहुतेक एकाच वळणावर. शिवाय डायमंडवर इंजिन झटका खातं. मी बोट फिरवून पाहिलं, टॉर्च आडवा धरून पाहिला, भिंग लावलं. काही दिसत नाही. ऑफिसातून आल्यावर रात्री नऊ-दहाला बसतो, तेव्हा गाडी शहाण्यासारखी धावते. रविवारी दुपारी मुलगी गाडी लावते आणि तिसऱ्या फेरीत डबा आडवा.

तेव्हा ठरवलं की खऱ्या रेल्वेत करतात तेच करायचं. लखनौच्या आरडीएसओची, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेची, ट्रॅक रेकॉर्डिंग कार रूळ मोजत जाते: गेज (दोन रुळांतलं अंतर), क्रॉस लेव्हल (दोन रुळांच्या उंचीतला फरक), ट्विस्ट (पीळ), अलाइनमेंट (आडवा वाकडेपणा), अनइव्हननेस (वर-खाली उंचसखलपणा). आपल्याकडे पायदान तुटलेले, खिडक्यांच्या काचा गेलेले तीन जुने आयसीएफ नमुन्याचे (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या पद्धतीचे) डबे पडून आहेत. त्यांचीच गाडी करतोय. बेत असा:

पहिला डबा भूमितीचा. दोन्ही बोगींवर (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांवर) एकेक एमपीयू ६०५० चिकटवणार. कल मोजणारा ॲक्सिलरोमीटर आणि वळण्याचा दर मोजणारा जायरो, दोन्ही या एकाच सेन्सरमध्ये. एकाची एडी-शून्य पिन ३.३ व्होल्टला जोडली की त्याचा पत्ता बदलतो, म्हणजे दोन्ही एकाच आयटूसी (डेटाच्या) तारांवर चालतात. मेंदू ईएसपी ३२, एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड.

दुसरा डबा विजेचा. चाकांच्या पाठीला फॉस्फर ब्रॉन्झच्या पट्ट्या, ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), आणि रुळावरचा व्होल्टेज नोंदवायचा.

तिसरा डबा मोकळ्या जागेचा. खऱ्या मापाच्या रुंदीला, म्हणजे ३,२४५ मिमी भागिले ८७, सुमारे ३७ मिमीला ब्रशचे केस लावायचे. सिग्नलच्या खांबाला, प्लॅटफॉर्मच्या कडेला केस लागले की कळेल.

अंतर मोजायला एका धुऱ्यावर चुंबक आणि ते जवळ आलं की ठोका देणारा हॉल सेन्सर. कोणी असं आधी केलं असेल तर सांगा. कशात फसतो ते आधीच कळलं तर बरं.

सोल्डरताई · ११ मे, सकाळी ७.४०

छान काम हाती घेतलंत दादा. विजेच्या डब्याबद्दल एक महत्त्वाचं. नुसता व्होल्टेज मोजलात तर सगळीकडे पूर्णच दिसेल. खराब सांध्यातून करंट वाहायला लागतो तेव्हाच व्होल्टेज पडतो. म्हणून डब्यात लोड हवा. १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या. डीसीसीच्या (रुळातूनच वीज आणि हुकूम देणाऱ्या डिजिटल पद्धतीच्या) १५ व्होल्टला ०.१५ ॲम्पियर घेईल आणि सव्वादोन वॉट उष्णता टाकेल. प्लास्टिकच्या डब्यात मे महिन्यात ती कमी नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा आणि छताला भोकं पाडा.

ईएसपीच्या पिनला ३.३ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. ४७ किलोओहम आणि १० किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज वाटून कमी करणारी जोडी) लावला तर १५ व्होल्टचे २.६ होतात, १८ आले तरी ३.२ च्या आत. आणि यूएसबी केबल लॅपटॉपला जोडलेली असताना डबा रुळावर ठेवू नका. रुळाचा आणि लॅपटॉपचा ग्राउंड एक होतो आणि बोर्ड जातो. माझा गेलाय.

बॅटरी लिथियमची असेल तर माडीवर भर दुपारी चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर ती चार्ज करायची नसते, आणि आपल्याकडे त्या खोल्यांत तेवढं सहज होतं. पहाटे लावा, खालच्या मजल्यावर.

रूळपाहणी · ११ मे, सकाळी १०.०५

माझी नोकरी परमनंट वे मध्ये, म्हणजे रेल्वेच्या रूळ देखभालीत गेली, वडील कीमन होते. मॉडेलमधलं मला फार कळत नाही, पण रूळ तपासण्यातलं चार गोष्टी सांगतो.

एक. दोष किती मोठा, यापेक्षा तो कुठे आहे हे आधी कळलं पाहिजे. आम्ही किलोमीटर आणि ओएचईच्या (वरच्या विजेच्या तारांच्या) खांबाचा नंबर लिहायचो. गँग जाऊन नेमकी त्याच जागी उभी राहिली तरच त्या कागदाला अर्थ. तुमचा आलेख कितीही सुंदर आला आणि जागा एक वीत इकडेतिकडे झाली तर चांगला सांधा उकराल आणि वाईट तसाच ठेवाल.

दोन. ट्विस्ट, म्हणजे रुळाचा पीळ, याला सर्वात जास्त घाबरा. गेज थोडं रुंद असलं तरी गाडी सांभाळून घेते. पिळावर मात्र एका चाकावरचं वजन उतरतं आणि ते चाक वळणावर रुळावर चढतं.

तीन. आधी तपासणारी गाडी तपासा. मोजलेला दोष रुळाचा की डब्याचा, हे ओळखायची सोपी रीत आहे. एकदा मोजा. मग डबा उचलून तोंड उलटं करा आणि त्याच दिशेला पुन्हा चालवा. खूण रुळावर त्याच जागी राहिली तर दोष रुळाचा. आलेखाचं रूप पालटलं तर डब्याचा.

आणि शेवटचं. वडील कीमन म्हणून रोज ठरलेली लांबी पायी चालायचे. हातोडीने चावी ठोकून आवाज ऐकायचे. पण उन्हाळ्यात दुपारची वेगळी गस्त असायची, कारण सकाळचा रूळ आणि दुपारचा रूळ एक नसतो. तुम्ही रात्री दहाला तपासता, असं लिहिलं आहे. मला तिथेच शंका येते.

अजनीकर · ११ मे, दुपारी १.२०

काका, शेवटचं वाक्य वाचून जेवण अर्धं टाकून वर गेलो. खोलीत ४३ अंश. वळणावर बोट ठेवलं, तरी डोळ्यांना काही दिसलं नाही. पण सांध्याच्या फिशप्लेटवर (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर) नख टेकवलं तर ती घट्ट, जरा हलेना. रात्री ती सैल असते. डिसेंबरात रूळ टाकले तेव्हा सांध्यांत फट ठेवलीच नव्हती, एकमेकांना भिडवून बसवले. तेव्हा ते सफाईदार वाटलं होतं.

नॅरोगेज_पोट्टा · ११ मे, दुपारी ३.५०

भाऊ, निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ ३० अंशांनी तापला तर अर्धा मिमी वाढते ना जी. डिसेंबरची सकाळ अन् मेची दुपार, एवढा फरक होतेच. वळणावर फट नसली तर तो अर्धा मिमी जाईल कुठं? बाहेरच फुगते. अन् वर कूलर चालवून राहिले असाल तर प्लाय वेगळंच फुगून राहिलं असेल. लाकूड ओलाव्यानं वाढते, रूळ उन्हानं.

मी एन स्केलवाला आहे, ९ मिमी गेज. माझ्याकडे तर हे सारं निम्म्या मापात होते, म्हणून लय लवकर कळते. मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये जाऊन या एकदा, २००२ पासून आहे. ७६२ मिमीवर अख्ख्या गाड्या चालत होत्या आपल्या छिंदवाड्यापर्यंत. तो अरुंद रूळ समोर उभं राहून पाहिला की क्रॉस लेव्हल म्हणजे काय, ते पुस्तकाबिगर कळते.

अजनीकर · १७ मे, रात्री १०.३०

आठवडाभराची प्रगती. सांगण्यासारखं बरंच आहे, त्यामुळे पोस्ट लांबली.

आधी अंतराचं. डब्याचं चाक १०.५ मिमी, म्हणजे खऱ्या ९१५ मिमीच्या चाकाचं ८७ वं माप. परीघ ३३ मिमी. धुऱ्यावर पातळ चकती बसवली आणि समोरासमोर दोन चुंबकं, २ मिमी व्यासाची. एका फेरीत दोन ठोके, म्हणजे १६.५ मिमीला एक ठोका. आपलं गेजही नेमकं १६.५! हा योगायोग पाहून मला उगाचच आनंद झाला.

पहिल्या दिवशी मात्र फेरीला एकच ठोका येत होता. दोन तास गेले. ए ३१४४ हा सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला प्रतिसाद देतो आणि माझं दुसरं चुंबक उलटं चिकटलं होतं. इतकी लहान चुंबकं चिमट्याने उचलायला गेलं की टपकन चिमट्यालाच चिकटतात आणि फिरतात. शेवटी बांबूच्या काडीच्या टोकाला मेण लावून बसवली. आधी दोन्ही एकमेकांना चिकटू द्या, मग सुटी करताना वरच्या बाजूला मार्करचा ठिपका द्या. म्हणजे तोंड चुकत नाही.

मग काकांचा मुद्दा, जागेचा. चाक १०.५ ऐवजी १०.४ मिमी असेल तर एका फेरीत ०.३ मिमी चूक. छोटी वाटते, पण पूर्ण लूपमध्ये चाक १७३ वेळा फिरतं, आणि शेवटी चूक साडेपाच सेंटिमीटर! म्हणून स्लीपरच्या मधोमध चार ठिकाणी चुंबकं पुरली आणि डब्याच्या पोटाखाली दुसरा हॉल सेन्सर लावला. ही आमची खांबांची नंबरपट्टी. प्रत्येक चुंबकाशी अंतर पुन्हा जुळवून घेतलं जातं. आता जागा एका स्लीपरच्या आत सापडते.

हा धुरा पट्ट्यांचा नको, पूर्ण मोकळा हवा. पट्टी घासली की चाक रुळावर घसरतं आणि ठोके कमी पडतात.

आता फसलो ते. बोगीवरच्या सेन्सरला मी साध्या रंगीत रिबन केबलच्या चार तारा लावल्या. पहिल्याच फेरीत पुढची बोगी घसरली, तिथेच, त्याच वळणावर. मला वाटलं, सापडला दोष! काकांच्या सांगण्याप्रमाणे डबा उलटा केला. आता मागची बोगी घसरली, आणि वळणाऐवजी सरळ मार्गावर पॉइंटच्या (रूळ बदलायच्या जागेच्या) आधी. म्हणजे दोष डब्याचा. डबा हातात धरून बोगी बोटाने फिरवली तर ती सोडल्यावर स्प्रिंगसारखी परत येत होती. त्या तारा इतक्या ताठ होत्या की बोगीला एका बाजूने वर उचलून धरत होत्या. आता केसांएवढी इनॅमलची तांब्याची तार घेतली आणि डब्याच्या आत तिचा सैल गुंडा ठेवला. बोगी पुन्हा मोकळी झुलते.

वजनाचंही सांगतो. एचओच्या डब्याला २८ ग्रॅम आणि वर प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम, असा एनएमआरएचा (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा) दंडक. आपला डबा २४५ मिमी, म्हणजे साडेनऊ इंचांच्या जरा वर. १६५ ग्रॅमच्या आसपास हवं. माझा बॅटरी धरून ११८ भरला. टायरच्या दुकानातून चाक बॅलन्सिंगच्या शिशाच्या पट्ट्या आणल्या आणि बोगींच्या मधे खाली चिकटवल्या.

प्रत्यक्ष मोजणी उद्या.

सोल्डरताई · १८ मे, सकाळी ६.५५

वळण ॲक्सिलरोमीटरवर शोधायला जाऊ नका. तुमची गाडी सेकंदाला १५० मिमी चालली, तर ५०० मिमीच्या वळणावर आडवा जोर ०.००५ जी सुद्धा नाही. तो सेन्सरच्या स्वतःच्या खळबळीतच बुडून जातो. खऱ्या गाडीत पोटात जाणवणारा झोल मॉडेलमध्ये नसतोच. जायरो वापरा. त्याच वेगाला डबा सेकंदाला १७ अंश वळतो आणि तो आकडा ठळक येतो. वेगाला त्या वळण्याच्या दराने भागलं की त्रिज्या मिळते. सांध्यात कोन असेल तर तिथे दर एकदम वर उडेल आणि लगेच खाली आपटेल.

ॲक्सिलरोमीटर ठेवा डाव्या-उजव्या कलासाठी आणि सांध्याच्या ठोक्यासाठी. सेकंदाला २०० नोंदी घेतल्या तर पाऊण मिमीला एक पडेल, पुरे आहे. नोंदी बोर्डावरच साठवा. वाय-फाय चालू ठेवलंत तर बॅटरी लवकर बसेल.

अजनीकर · १८ मे, रात्री ९.४५

ताई, तसंच केलं. आज तीन वेळा मोजलं: पहाटे साडेपाच, दुपारी तीन, आता रात्री नऊ. दर वेळी तोच वेग, तीच दिशा, इंजिन तेच, आणि रुळावर टेकवलेल्या थर्मामीटरचा आकडा वहीत.

पहाटे ३१ अंश. जायरोची रेघ वळणावर जवळजवळ सपाट. दुपारी ४४ अंश. पहिल्या खुणेपासून २.३१ मीटरवर रेघ सुळकन १७ वरून २६ वर गेली आणि लगेच ९ वर आली. पाच फेऱ्या घेतल्या, पाचही वेळा तिथेच. रात्री ३६ अंश. खूण आहे, पण अर्धीच.

२.३१ मीटरवर काय आहे? एक सांधा. बाहेरच्या रुळाचा. महिनाभर माझं बोट रोज ज्याच्यावरून फिरलं तोच. दुपारी मी तपासायला बसत नव्हतो आणि रात्री सांध्याचा कोन कमी व्हायचा, म्हणून मला तो कधी दिसला नाही.

दुसरी गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती. दोन बोगींच्या कलातला फरक, म्हणजे पीळ, कूलरच्या बाजूच्या कोपऱ्यात दीड अंश आला. एचओला एक अंश म्हणजे ०.३ मिमी धरला तर हा जवळपास अर्धा मिमी. लूपच्या बाकी भागात कुठेच अर्ध्या अंशाच्या वर नाही. कूलरचा झोत थेट त्या कोपऱ्यावर येतो. खालून हात लावला तर प्लायची कड दमट होती.

विजेच्या डब्याने डायमंड पकडला. बाकी सगळीकडे १४ व्होल्टच्या वर, डायमंडवर एक क्षण २ व्होल्ट. सांधा खराब असता तर व्होल्टेज थोडासा पडला असता. हा शॉर्ट आहे.

सोल्डरताई · १८ मे, रात्री १०.१०

हो, शॉर्टच. चाकाचा ट्रेड, म्हणजे रुळावर टेकणारा भाग, रुंद असतो. डायमंडच्या टोकाशी वेगवेगळ्या पोलॅरिटीचे दोन रूळ जवळ येतात आणि चाक क्षणभर दोघांवर टेकतं. बिनरंगाचं नेलपॉलिश घ्या. दोन रूळ एकत्र येतात त्या टोकावर, दोन-तीन मिमी लांबीवर, पातळ थर द्या. पूर्ण वाळल्यावर पुन्हा एक. वर्षभर टिकतो, मग परत लावायचा. आणि त्याच वेळी सगळ्या लूपवर पाच रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवत जा. दर फुटावर डीसीसीचा बूस्टर (रुळाला वीज देणारा) ट्रिप झाला पाहिजे. जिथे होत नाही तिथे फीडरची, म्हणजे रुळाला वीज नेणारी तार कमी आहे.

रूळपाहणी · १९ मे, सकाळी ८.३०

२.३१ चं वाचून फार बरं वाटलं. आता घाईने तो सांधा सरळ करू नका. दुपारी सरळ केलात तर जास्तीची लांबी पुढच्या सांध्यावर जाईल. रात्री, थंड असताना, वळणाच्या दोन्ही टोकांच्या सरळ मार्गावर रुळात बारीक फट कापा. कागदाच्या दोन-तीन घड्या जातील एवढी. वळणात कापू नका, तिथे फट स्वतःच कोन करते. मग सगळे खिळे वळणापुरते सैल करा आणि रूळ आपलं आपण बसू द्या.

पिळाला पाचर लावण्याआधी कूलर हलवा. ओलं लाकूड सरळ करायला गेलात तर पावसाळ्यानंतर ते दुसरीकडे वळेल.

नॅरोगेज_पोट्टा · १९ मे, सकाळी ११.१५

भाऊ, तिसरा डबा राहूनच गेला. ब्रशचे केस ३७ मिमीवर ठेवून भागत नाही वळणावर. डब्याचं पोट आत सरकते अन् टोकं बाहेर. बोगीची मध्यं १७० मिमी अंतरावर असतील तर ५०० च्या वळणावर पोट ७.२ मिमी आत, अन् २४५ च्या डब्याची टोकं ७.८ मिमी बाहेर. म्हणून केस पोटाशी पण लावा, चारही कोपऱ्यांना पण लावा. पोटाचे केस आतल्या बाजूचे खांब तपासतील, कोपऱ्याचे बाहेरचे.

अन् रंग पिवळाच द्या बाप्पा. इंग्लंडची मेजरमेंट ट्रेन पिवळी, जपानची डॉक्टर यलो पिवळी. त्यातली टी ४ गाडी तर जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. दिसली की दिवस चांगला जाते म्हणायचे तिकडचे लोक.

अजनीकर · २५ मे, सायंकाळी ७.००

काकांनी सांगितल्याप्रमाणे गुरुवारी रात्री साडेअकराला कापलं. दोन्ही सरळ मार्गांवर एकेक फट. कापताना रूळ उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना कपड्याचे चिमटे लावले. वळणाचे खिळे अर्धे उपटले. शेवटचा सैल केला तेव्हा रुळाने बारीक ‘टिक’ असा आवाज केला आणि सांध्यातली फट माझ्या डोळ्यांदेखत उघडली. इतके महिने तो दाबात होता!

डायमंडला नेलपॉलिशचे दोन थर. मुलीने लावले, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. नाण्याची परीक्षाही तिनेच घेतली. यार्डाच्या शेवटच्या लाइनला बूस्टर ट्रिप झाला नाही, तिथे फीडर वाढवला.

कूलर खिडकीच्या दुसऱ्या बाजूला नेला. कोपऱ्याचा पीळ तीन दिवसांत दीड अंशावरून एक अंशावर आला. अजून पाचर लावलेली नाही.

कोपऱ्यांच्या केसांनी दोन जागा दाखवल्या. एक सिग्नल बाहेरच्या बाजूला ३ मिमी सरकवला. दुसरी प्लॅटफॉर्मच्या टोकाची कड, ती पॉलिश पेपरने घासली.

आज दुपारी ४५ अंशांत मोजलं. २.३१ ला रेघ १७ वरून १९. चाळीस फेऱ्या झाल्या, तीन डब्यांचा रेक आणि मागे दोन जुने डबे. कुठेच घसरलं नाही. मुलगी शेवटच्या दहा फेऱ्या मोजत शेजारीच बसली होती.

रूळपाहणी · २५ मे, सायंकाळी ७.३५

वहीतली ही पानं जपून ठेवा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, आणि डिसेंबरात पहाटे. फट हिवाळ्यात उघडी पडेल, तेव्हा चाकाला ठोका लागतो का ते बघायला हवं.

अजनीकर · २५ मे, सायंकाळी ७.५०

हो काका, तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या. डिसेंबरातल्या मोजणीला तुम्ही घरी या. त्या दिवशी चाकांचा बॅक टू बॅकही (एका धुऱ्यावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर, मिमीत) मोजू, सगळ्या डब्यांचा. एका डब्यात तो १४.२ आढळला, १४.४ च्या जवळ आणायचा आहे. तोवर रंगाचं काम. पिवळाच देतोय.